विश्लेषण : धबधबा एक, जिल्हे दोन! देवकुंडच्या वाटेवर पावसाळ्यात बंदी का आणि ती पुरेशी का नाही?

ताम्हिणी घाटात पाऊस धरला की भिरा गावाकडे वळणाऱ्या गाड्या वाढू लागतात आणि त्याच सुमारास देवकुंड धबधब्याकडे जाण्यास मनाई करणारा आदेशही निघतो. गेली काही वर्षे हे दरसाल घडते. तरीही आडवाटेने लोक आत शिरतात, ओढ्यापलीकडे अडकतात, काही जण परतत नाहीत. दुर्घटना घडली की ‘हुल्लडबाज पर्यटक’ आणि ‘ढिसाळ प्रशासन’ या दोन शब्दांत चर्चा संपते. प्रत्यक्षात धोक्याचे मूळ या ठिकाणच्या खडकात आणि उतारात आहे आणि बंदी अपुरी ठरण्याचे एक कारण नकाशावरील जिल्ह्याच्या सीमेत.

देवकुंड नेमके कुठे आहे?

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा हे गाव आहे. तेथून भिरा धरणाच्या जलाशयाकडेने, पुढे जंगलातून आणि ओढे ओलांडत सहा-सात किलोमीटर चालल्यावर कड्यांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खोलगट भागात देवकुंड लागते. वरून थेट कोसळणारी धार आणि तिच्या पायाशी निळसर-हिरव्या पाण्याचे मोठे कुंड असे त्याचे रूप. कुंडलिका नदीचा उगम या परिसरात मानला जातो. हीच नदी पुढे कोलाड, रोहा असा प्रवास करत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते.

देवकुंडच्या माथ्यावर मात्र पुणे जिल्हा आहे. ताम्हिणी घाटाच्या रस्त्यालगतची ‘प्लस व्हॅली’ ही अधिकच्या चिन्हासारखी एकमेकींना छेदणारी घळ मुळशी तालुक्यात येते. तेथे उतरणारे पाणी घळीतून खाली देवकुंडाच्या दिशेने जाते. सराईत गिर्यारोहक दोर लावून याच मार्गाने खाली उतरतात. शेजारची ‘अंधारबन’ ही जंगलवाटही तशीच. मुळशीतील पिंपरी येथून सकाळी चालायला सुरुवात केली की दुपारनंतर भिऱ्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात उतरता येते. या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे ५० चौरस किलोमीटर जंगलाला २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्याचा दर्जा मिळाला. थोडक्यात, पाणी आणि माणसे दोन्ही येथे जिल्ह्याची सीमा ओलांडून खाली येतात.

असे धबधबे आणि घळी तयार कशा होतात?

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार घडले. पुढे पश्चिमेकडील भूभाग खचला आणि पठाराला उभी कड आली. ही कड लाखो वर्षे झिजत पूर्वेकडे मागे सरकत गेली. कोकण आणि घाटमाथा यांच्यातील ही भिंत आज आपण कडा म्हणून पाहतो.

लाव्हाचे सगळे थर सारखे कठीण नसतात. काही घट्ट, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले आणि ठिसूळ असतात. दोन थरांमध्ये कधी लालसर मातकट पट्टाही आढळतो. पाणी मऊ थर आधी पोखरते, वरचा कठीण थर आधार गमावून तुटून पडतो आणि धबधब्याचा कडा सरळ उभा राहतो. खाली कोसळणारे पाणी आणि त्याबरोबर गरगर फिरणारे दगडगोटे तळ घासत राहतात. त्यातून कुंड तयार होते. खडकात जेथे उभ्या भेगा असतात, तेथे पाणी त्यांच्याच रेषेत खोल उतरते आणि दोन्ही बाजूंना ताशीव भिंती असलेली अरुंद घळ कोरली जाते. अकोले तालुक्यातील साम्रदजवळची सांदण दरी हे याचे दुसरे परिचित उदाहरण.

उभ्या कड्याची ही उंची वीजनिर्मितीसाठीही वापरली गेली. मुळशी धरणाचे पाणी बोगदे आणि जलवाहिन्यांतून सुमारे ५०० मीटर खाली आणून भिरा येथे वीज तयार केली जाते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. याच मुळशी धरणाविरोधात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला होता. ज्या उतारावरून पडणारे पाणी शहरांना वीज पुरवते, त्याच उतारावर पावसाळ्यातील ओढे कोणत्याही अडथळ्याविना धावत असतात.

घळीत पाणी इतक्या वेगाने का वाढते?

याची तीन कारणे आहेत. पहिले, पावसाचे प्रमाण. हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. म्हणजे या वर्गाच्या किमान मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक.

दुसरे, जमीन. घाटमाथ्यावर मातीचा थर पातळ आणि त्याखाली कातळ. जूनअखेरपर्यंत ही माती पाण्याने तुडुंब होते. त्यानंतर पडणारा पाऊस मुरत नाही, बहुतांश वाहून जातो. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पाच कोटी लिटर पाणी जमा होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. त्यातील मोठा वाटा एकाच घळीच्या तोंडाशी येतो.

तिसरे, आकार. मोठ्या नदीला पूर यायला काही तास लागतात, कारण पाणी दूरवरून येते आणि पात्रात पसरते. घळीचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असल्याने वर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत खाली पोहोचतो. पात्र अरुंद असल्याने त्याला पसरायला जागा नसते, त्यामुळे पातळी वर चढते. विशेष म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी ऊनही असू शकते. कडा ढगात असतो, तेथे काय चालले आहे हे खालून दिसत नाही.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणूनच सकाळी गंमत करत ओलांडलेला गुडघाभर पाण्याचा ओढा दुपारी तेवढ्याच खोलीचा असला तरी माणसाचे पाय उचलू शकतो. देवकुंडच्या वाटेवर धोका धबधब्याइतकाच परतीच्या ओढ्यांत असतो. ओढा फुगल्याने पर्यटक पलीकडे अडकून पडल्याच्या घटना येथे घडल्या आहेत.

पोहता येणारेही कुंडात का बुडतात?

धबधब्याच्या पायथ्याशी पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे मिसळलेले असतात. दिसायला ते फेसाळ आणि सुंदर असते, पण अशा पाण्याची घनता कमी असल्याने शरीराला मिळणारा उचल कमी होतो. पोहणारा नेहमीपेक्षा खाली बुडतो. दुसरे म्हणजे वरून आदळणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि त्यातील काही पुन्हा धारेकडेच फिरते. या भोवऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे पोहत असतानाही धारेकडे ओढला जातो.

कुंडाचा तळ सपाट नसतो. कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना पुढच्याच पावलाला खोल खड्डा लागू शकतो. तळाशी खडकांच्या कपारी असतात आणि काठाच्या कातळावर शेवाळ. पाय घसरून डोके आपटले तर पोहण्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही. हे सारे पावसाळ्यानंतरही तसेच राहते. त्यामुळे ऑक्टोबरनंतर बंदी उठली म्हणजे कुंड पोहण्यास सुरक्षित झाले, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते.

बंदीला कायद्याचा आधार काय?

पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १६३ ने ती जागा घेतली. जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी मानवी जीविताला असलेला धोका टाळण्यासाठी या कलमाखाली मनाई आदेश काढू शकतात. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. राज्य सरकारने ठरवल्यास त्याला कमाल सहा महिने मुदतवाढ मिळू शकते. पावसाळा चार महिन्यांचा असल्याने हंगामात आदेश नव्याने काढावा लागण्याची वेळ येते.

आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कृतीने कोणाच्या जीविताला धोका निर्माण झाल्यास ही मर्यादा एक वर्ष आणि पाच हजार रुपयांपर्यंत जाते. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या लागू असतात.

मग बंदी पुरेशी का ठरत नाही?

२०२४ चा पावसाळा हे याचे ठळक उदाहरण. ३० जून रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. जवळपास त्याच वेळी प्लस व्हॅलीत पाण्यात उडी घेतलेला एक तरुण वाहून गेला. त्याचा मृतदेह दोन दिवसांनी रायगड जिल्ह्यात माणगावच्या हद्दीत सापडला. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणे आणि घाटांतील ठिकाणांवर निर्बंध लागू केले. जुलैच्या मध्यात माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रफीत बनवताना एक तरुणी सुमारे ३०० फूट दरीत कोसळली.

प्लस व्हॅलीच्या घटनेतून मूळ अडचण दिसते. माणूस एका जिल्ह्यात पाण्यात पडतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात सापडतो. मनाई आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याचा अधिकार मात्र त्याच्या हद्दीपुरता असतो. खालची वाट बंद असताना वरची खुली राहिली, किंवा दोन्हीकडील तारखा जुळल्या नाहीत, तर पर्यटक मोकळ्या बाजूने शिरतो. बंदोबस्त भिऱ्याच्या रस्त्यावर असला तरी अंधारबनातून उतरणारा गट मागच्या दाराने तेथेच येतो.

सूचनांचेही तसेच. हवामान विभाग पुणे शहर आणि ‘पुणे घाट’ यांचा इशारा आता वेगळा देतो, ही मोठी सुधारणा आहे. पण भिऱ्याला निघालेला माणूस रायगडचा अंदाज पाहतो. प्रत्यक्षात देवकुंडात येणारे पाणी ठरते ते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर. शिवाय जिल्हाभरासाठी दिलेला दिवसभराचा इशारा एका विशिष्ट घळीत पुढच्या अर्ध्या तासात काय होईल हे सांगू शकत नाही. त्यासाठी माथ्यावर पर्जन्यमापक आणि पायथ्याशी भोंगा, अशी थेट जोडणी लागते.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. शनिवार-रविवारी येणाऱ्या हजारोंना काही पोलीस आणि वनरक्षक प्रत्येक पायवाटेवर अडवू शकत नाहीत. दुर्घटनेनंतर दोर घेऊन घळीत उतरतात ते बहुतेक वेळा लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि गावातील तरुण. त्यांच्याही जिवाला तोच धोका असतो.

बंदीचा गावावर काय परिणाम होतो?

देवकुंडमुळे भिरा आणि आसपासच्या गावांत वाटाडे, जेवणाची घरगुती सोय, वाहनतळ, चहा-भजीच्या टपऱ्या असा रोजगार उभा राहिला. शेतीतील कामे संपल्यावर हातात पैसा देणारा हा व्यवसाय आहे. पर्यटकांची सर्वाधिक गर्दी पावसाळ्यात आणि बंदीही पावसाळ्यात. त्यामुळे आदेश निघताच ही कमाई थांबते.

याचा सुरक्षेशीही थेट संबंध आहे. ओढ्याचे पाणी कोणत्या दगडाला टेकले की परत फिरायचे, हे गावातल्या वाटाड्याला ठाऊक असते. वाट अधिकृतपणे खुली असते तेव्हा तो गटासोबत असतो, मोजून माणसे नेतो, मोजून आणतो. सरसकट बंदीत तो घरी बसतो आणि चोरवाटेने शिरणारे पर्यटक वाटाड्याविना जातात. ते किती जण आत गेले याची नोंदही कुठे होत नाही. म्हणून बंदी नको, असा याचा अर्थ नाही. जुलैतील मुसळधार पावसात घळीत कोणालाही जाऊ देता येणार नाही. प्रश्न आहे तो पावसाच्या उघडिपीच्या आणि हंगामाच्या टोकांच्या दिवसांचा.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ‘अँटिलोप कॅनियन’ ही वालुकाश्मातील अरुंद घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तेथे अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. घळीजवळ तेव्हा फारसा पाऊस नव्हता; वादळ कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला झाले होते. घळ नावाहो आदिवासींच्या भूमीत आहे. दुर्घटनेनंतर तेथे स्थानिक वाटाड्यांशिवाय प्रवेश बंद करण्यात आला, खडकात पक्क्या लोखंडी शिड्या बसवण्यात आल्या आणि हवामानाच्या सूचना ऐकणारा रेडिओ व धोक्याचा भोंगा आला. घळ पर्यटकांसाठी खुली राहिली, पण वरच्या भागातील पावसाचा इशारा मिळताच ती रिकामी केली जाते.

गोव्यातील दूधसागरचा अनुभव जवळचा आहे. भगवान महावीर अभयारण्यातील या धबधब्यापर्यंत कुळे येथून स्थानिकांच्या जीपगाड्या जातात. पावसाळ्यात ही सेवा बंद असते, ती हंगाम संपल्यावर सुरू होते. पाण्यात उतरायचे तर जीवरक्षक जाकीट घालावे लागते. संख्या, वेळ आणि रोजगार असे तिन्ही एकाच दारातून जात असल्याने नियंत्रण शक्य होते. अर्थात गोव्यातही जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी परिसरातील मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यानंतर वनक्षेत्रातील धबधब्यांवर प्रवेशबंदी घालावी लागली होती.

देवकुंडसाठी यातून तीन गोष्टी घेता येतील. पुणे आणि रायगड यांचा एकच संयुक्त आदेश, जो पूर्ण पाणलोट क्षेत्राला लागू असेल. माथ्यावरील पावसाची नोंद थेट भिऱ्यापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा. आणि बंदी नसलेल्या दिवसांत नोंदणीकृत वाटाड्यासह, ठरावीक संख्येनेच प्रवेश. अभयारण्य दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले असल्याने वनविभाग या तिन्हींचा दुवा होऊ शकतो.

भटक्यांनी कोणती काळजी घ्यावी?

निघण्यापूर्वी मनाई आदेश दोन्ही जिल्ह्यांचे पाहावेत आणि अंदाज ‘पुणे घाट’ या नावाखालचा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर घळ आणि कुंड दोन्ही टाळावेत. घळीत उतरताना बाहेर पडण्याच्या जागा लक्षात ठेवाव्यात. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, धबधब्याचा आवाज बदलणे, कोरड्या कड्यावरून नव्या धारा सुरू होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान आवरण्यात वेळ न घालवता उंच जागी चढावे.

ओढा फुगला असेल तर ओलांडू नये. लहान पाणलोटाचा ओढा जसा झपाट्याने चढतो तसा पाऊस थांबल्यावर बहुतेकदा काही तासांत उतरतोही. सुरक्षित उंचीवर थांबणे हाच उपाय. वाहत्या पाण्यात उतरताना कमरेला दोर पक्का बांधू नये. प्रवाहात पाय सुटला तर ताणलेला दोरच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. कोणी वाहून गेल्यास मागोमाग उडी न मारता दोर, काठी किंवा रिकामी बंद बाटली फेकावी आणि ११२ वर संपर्क साधावा. देवकुंडच्या वाटेवर मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे किती जण निघाले आणि कधी परतणार, हे भिरा गावात कोणाला तरी सांगूनच पुढे जावे.